एकदा येऊन गेलेला आजार (प्रस्तावना)

१८४६ सालच्या मार्चअखेरीस कोपनहेगनहून निघालेला एक सुतार फॅरो बेटांवर उतरला. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रातली ही बेटं. वस्ती तेव्हा पावणेआठ हजारांच्या आसपास. सुतार येताना गोवर घेऊन आला होता. सहा महिन्यांच्या आत बेटांवरची सुमारे सहा हजार माणसं गोवराने आजारी पडली. साथीची चौकशी करायला डेन्मार्कच्या सरकारने पेटर लुडविग पानुम या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला तिकडे धाडलं. पानुम बेटामागून बेट, गावामागून गाव फिरला. कोण कुणाकडे कधी गेलं होतं, देवमाशांच्या शिकारीला कोण कोण जमले होते, अंगावर पुरळ कुठल्या दिवशी उठलं, हे घरोघर विचारून त्याने टिपून ठेवलं. आजाऱ्याशी संबंध आल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, हा हिशेब त्याने या टिपणांवरूनच मांडला आणि तो आजही बरोबर धरला जातो.

मला मात्र त्याची दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. बेटांवर याआधीची गोवराची साथ १७८१ साली येऊन गेली होती. मधल्या पासष्ट वर्षांत गोवर तिकडे फिरकला नव्हता. १७८१ मध्ये गोवर निघून गेलेले आणि अजून हयात असलेले बरेच म्हातारे पानुमला भेटले. घरातली नातवंडं-पतवंडं तापाने फणफणत होती. हवा तीच, अन्न तेच, घरं तशीच दाटीवाटीची. तरी या म्हाताऱ्यांपैकी एकालाही गोवर झाला नाही. त्यांच्याच वयाचे, पण १७८१ च्या साथीतून या ना त्या कारणाने सुटलेले जे होते, त्यांना मात्र झाला. म्हणजे वयाने कुणाला वाचवलं नव्हतं आणि काटकपणानेही नव्हतं. पासष्ट वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या एका आजाराने वाचवलं होतं, आणि तेही फक्त त्या एका आजारापासून.

शरीराला रोगापासून संरक्षण मिळतं ते कसं, हा या पुस्तकाचा विषय आहे आणि मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा पानुमच्या या नोंदीत आहे. करोनाच्या साथीनंतर 'इम्युनिटी वाढवा' हे वाक्य आपल्या इतकं कानावर पडलं की, ही कुठलीतरी अंगातली ताकद आहे, ती कमी पडली तर बाटलीतून किंवा पुडीतून भरून काढता येते, अशी समजूत घट्ट बसली. ही समजूत मुळातून काढावी म्हणून मी लिहायला बसलो. शरीर एकेका रोगाची ओळख वेगवेगळी करून घेतं आणि ती जपून ठेवतं. कांजिण्यांची ओळख गोवराच्या कामी येत नाही. ही ओळख कुणाला आजार सोसून मिळते, कुणाला आईकडून थोड्या दिवसांसाठी उसनी मिळते, कुणाला सुईतून मिळते आणि कुणाला वेळेवर मिळतच नाही. पुढची सगळी प्रकरणं या चार वाटांची आहेत.

एकदा झालेला आजार पुन्हा सहसा होत नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये आलेल्या साथीबद्दल लिहिताना थ्युसिडिडीज सांगतो की, आजारातून उठलेली माणसंच रोग्यांची शुश्रूषा निर्धास्तपणे करत, कारण दुसऱ्यांदा तो आजार जिवावर बेतत नसे. आपल्याकडेही घरात कांजिण्या आल्या की, ज्याला लहानपणी होऊन गेल्या त्यालाच रोग्याजवळ बसवतात. आणि हे ठाऊक असल्यावर पुढचा विचार धाडसी माणसांच्या मनात आलाच: आजार जर एकदा होणारच, तर तो आपण ठरवलेल्या वेळी, थोडक्यात उरकता येईल का? देवीच्या फोडांतला पू किंवा खपल्या निरोगी माणसाच्या कातडीत घालायची पद्धत बंगालमध्ये टीकादार चालवत असत. हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ साली तिचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं आहे. अशा रीतीने आणवलेल्या देवीत शंभरातली एखाददुसरी व्यक्ती दगावे. आपणहून आलेल्या देवीत वीस ते तीस जात. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की, आपलं मूल टीकादारापुढे बसवणाऱ्या आईबापांचं मन कळतं.

१७९६ मध्ये एडवर्ड जेनरने देवीऐवजी गोदेवीचा पू वापरला. ही हकिगत शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे लांबवत नाही. तिचा मुंबईतला भाग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लस तेव्हा बाटलीत टिकत नसे. व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत ती मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात लस घेऊन देवीपासून संरक्षण मिळालेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातून आणखी पाच मुलांना लस टोचली आणि पुढे ती अशीच दंडामागून दंड करत पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रासपर्यंत गेली. देशभर पसरलेल्या लसीची सुरुवात एका नोकरमाणसाच्या लेकीच्या दंडातून झाली. तिचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

गोदेवीने देवी का टळते, हे जेनरला माहीत नव्हतं आणि कळण्याची सोयही नव्हती. जंतूंमुळे रोग होतो हेच सिद्ध व्हायला अजून बरीच दशकं जायची होती. शरीराच्या आत नेमकं काय घडतं याचा पहिला धागा हाती लागला तो १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना गावी. इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडला होता. परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या या पेशी आपल्या रक्तातही असतात आणि आपलं संरक्षण त्याच करतात, असं मेचनिकॉफ म्हणू लागला. तिकडे बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं की, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला नुसता द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तरी तो वाचतो. त्यात पेशी नव्हत्या. द्रवात विरघळलेलं काहीतरी विषाला निकामी करत होतं. मग पेशी की द्रव, यावर युरोपात वर्षानुवर्षं वाद झडले. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचा पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं, आणि ते योग्यच होतं.

मेचनिकॉफचा ओडेसामधला एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग फुटला. रोगाची ओळख पटवली ती मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत, १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. हाफकिनचं काम पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलवलं गेलं आणि १९२५ मध्ये त्या संस्थेला त्याचं नाव मिळालं. मधला एक प्रसंग मात्र वगळून चालणार नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिनवर आला. बाटली गावातच उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन त्याच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ उजाडलं. लस टोचणाऱ्याने स्वच्छतेत केलेली एक कसूर लोकांचा विश्वास किती काळ खाते, हे त्या प्रसंगाने दाखवलं. उपकेंद्रात एका सुईचा एकच वापर, बाटली उघडल्याची वेळ लिहून ठेवणं, या ज्या गोष्टी आज कटकटीच्या वाटतात, त्यांची किंमत अशी मोजली गेलेली आहे.

आता शरीराच्या आत जाऊ. पायात काटा मोडला आणि तो पिकला की, दोन-तीन दिवसांत जांघेत गाठ येते आणि दुखते. अवधाण आलं, असं आपण म्हणतो. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, असं का? काटा रुतला की कातडीखालच्या भक्षक पेशी जागच्या जागी सावध होतात. जंतूंच्या अंगावर असे काही रासायनिक तुकडे असतात, जे माणसाच्या पेशींवर कधीच नसतात. भक्षक पेशी जन्मतःच ते ओळखतात. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी जवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात. म्हणून लाली, ऊब, सूज आणि ठणका. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल पेशी तिथे येतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेतं. आपली बहुतेक दुखणी इथेच मिटतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण याच वेळी डेंड्रायटिक नावाच्या फांद्या फुटल्यासारख्या पेशी जंतूचे तुकडे अंगावर घेऊन लसिकेच्या वाहिनीतून वर निघतात आणि जांघेतल्या लसिकाग्रंथीत पोचतात. टी आणि बी अशा दोन जातींच्या लिंफोसाइट पेशी अशा ग्रंथींतून सतत ये-जा करत असतात. प्रत्येकीच्या अंगावर एकाच तऱ्हेचं ग्राहक असतं, म्हणजे प्रत्येक पेशी एकच आकार ओळखू शकते. एखाद्या नव्या जंतूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादी असते. ती त्या गर्दीत त्या तुकड्याशी येऊन थांबली की तिचं विभाजन सुरू होतं: एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि आठवड्याभरात हजारो. ये-जा करणाऱ्या पेशी ग्रंथीत अडवून ठेवल्या जातात, नव्यांची भर पडते, ग्रंथी फुगते. जांघेतली ती दुखरी गाठ म्हणजे शरीर एक नवी ओळख करून घेत असल्याची खूण आहे. अवधाण चोळू नये, असं आजी सांगत असे ते योग्यच आहे. जखम धुवावी, लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडे जावं आणि गाठीला तिचं काम करू द्यावं.

ज्या जंतूशी कधी गाठ पडली नाही, त्याला ओळखणारी पेशी अंगात आधीपासून असतेच कशी? या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दमवलं. लायनस पॉलिंगसारखा रसायनशास्त्रज्ञ १९४० मध्ये म्हणत होता की, शरीर जंतूचं माप घेतं आणि त्याच्यावर बेतून प्रतिपिंड, म्हणजे बी पेशींनी बनवलेलं, रक्ताच्या द्रवात विरघळलेलं ते विष निकामी करणारं द्रव्य, घडवतं. शिंप्याने माप घेऊन सदरा शिवावा तसं. ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेटने १९५७ मध्ये उलट बाजू मांडली: सगळे सदरे आधीच शिवून टांगलेले आहेत, जंतू आला की ज्याचं माप जुळतं तोच निवडला जातो आणि त्याच्या नकला निघतात. हे पटायला जड होतं. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार आणि प्रतिपिंडांचे संभाव्य प्रकार अब्जावधी. एवढे सदरे शिवणार कोण? उत्तर सुसुमु तोनेगावाने बाझल इथल्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये शोधलं. घडत असलेली बी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापते, हवे तसे जोडते आणि सांध्यावर वेडेवाकडे टाकेही घालते. प्रत्येक पेशीत जोडणी वेगळी. शरीर भविष्य ओळखत नाही. ते आंधळेपणाने अफाट विविधता तयार करून ठेवतं आणि त्यातलं एखादं माप कधीतरी जुळतं. या एका शोधाचा विचार मी कितीदाही केला तरी माझं नवल ओसरत नाही, म्हणून तिसरं प्रकरण बेताबाहेर लांबलं आहे.

आंधळ्या जोडणीतून स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशीही जन्मणार, हे ओघाने आलं. टी पेशींची चाळणी छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. १९६१ पर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात होती; जॅक मिलरने नवजात उंदरांची थायमस काढली आणि ते संसर्गांनी मरू लागले, तेव्हा तिचं महत्त्व कळलं. थायमसमध्ये शिरलेल्या शंभर पेशींतल्या जेमतेम दोन ते पाच बाहेर पडतात. बाकीच्या, काही निरुपयोगी म्हणून आणि काही घरभेदी म्हणून, तिथेच मरतात. त्यातूनही निसटलेल्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ चं नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच कामासाठी मिळालं. हे आवरणं ढिलं पडलं की, सांधे सुजवणारा आमवात, लहान मुलांचा इन्सुलिनवाला मधुमेह, थायरॉइडचे काही विकार उद्भवतात. तेव्हा 'इम्युनिटी वाढवणारं' एखादं औषध खरोखरच सगळ्या पेशींना एकदम चेतवू लागलं, तर ते घेण्याची कुणाची हिंमत व्हायची नाही. काढ्याने घशाला आराम पडतो, त्याला माझी ना नाही. पण काढा गोवराची ओळख करून देत नाही.

निवड झाल्यावर शरीर थांबत नाही. ग्रंथीतल्या बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बारीकसारीक चुका करत विभागत राहतात. ज्यांची पकड घट्ट झाली त्या टिकतात, बाकीच्या बाद होतात. हा चाळा आठवडे, कधी महिने चालतो. त्यातून निघालेल्या काही पेशी स्मृतिपेशी म्हणून फिरत राहतात, तर काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि तिथून प्रतिपिंडं सोडत राहतात. आपल्या रक्तातल्या बहुतांश प्रतिपिंडांची संख्या साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. तरी लहानपणी गोवर येऊन गेलेल्या सत्तरीच्या माणसाच्या रक्तात गोवराची प्रतिपिंडं सापडतात. म्हणजे ती जुनी नव्हेत, याच महिन्यात बनलेली आहेत. पासष्ट वर्षांपूर्वीची ओळख मगजातल्या पेशी रोज नव्याने लिहून काढत आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचं रक्त संशोधकांनी तपासलं आणि २००८ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सगळ्यांच्या रक्तात होती.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवलं की, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं सापडतात. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, अशी पेंटाव्हॅलंट लसीची तीन इंजेक्शनं बाळाच्या मांडीत देतात. दुसऱ्या खेपेला आलेली आई हमखास विचारते, "सिस्टर, मागच्या वेळी पोराला रातभर ताप होता, मांडी दगडासारखी झाली होती. परत तेच द्यायचं?" सिस्टर म्हणतात, "तेच गं बाई. ताप आला म्हणजे लस लागू पडली." हे अर्धं खरं आहे. ताप आणि सूज ही भक्षक पेशींच्या पहिल्या हालचालीची लक्षणं. लसीतल्या डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंमुळे ती अधिक दिसतात. पण ज्या बाळाला ताप येत नाही त्यालाही संरक्षण मिळतंच. आणि परत तेच का? पहिल्या वेळी निवडलेल्या पेशी थोड्या, त्यांची पकड सैल. चार आठवड्यांच्या मुदतीत घासूनपुसून तयार झालेल्या पेशींना दुसरं इंजेक्शन पुन्हा बोलावतं, तिसरं आणखी पक्कं करतं. पहिल्या भेटीत आठवडा-दोन आठवडे लागतात, तेच काम पुढच्या भेटीत तीन-चार दिवसांत होतं. या चार-पाच वाक्यांनी ती आई तिसऱ्या इंजेक्शनला परत येत असेल, तर ती सांगायला वेळ नाही असं कुणी म्हणू नये.

उसन्या ओळखीबद्दल थोडं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात; म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती कमी मिळतात. आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस देतात ती मुख्यतः बाळासाठी. सुईणीच्या विळ्याने नाळ कापली जात असताना नवजात बाळांचा धनुर्वात घरोघरचा काळ होता. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतात झाल्यावर शिक्कामोर्तब २०१५ मध्ये झालं. पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाच्या आतड्याला आतून प्रतिपिंडांचा लेप देतो. तो पिळून टाकायची चाल अजून काही घरांत आहे. ती बंद व्हायला हवी. आईची ही देणगी मात्र मुदतीची असते, आणि ती अंगात असेपर्यंत बाळाला स्वतः गोवराशी ओळख करून घेता येत नाही, कारण लसीतला दुबळा विषाणू आईची प्रतिपिंडंच संपवून टाकतात. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

सगळेच रोग सारखी आठवण ठेवून जात नाहीत, आणि पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग या फरकांना दिला आहे. गोवर जन्मभराची ओळख देतो. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. जीव घ्यायला पुरेल एवढं विषसुद्धा शरीराला ओळख पटायला अपुरं पडतं, म्हणून बऱ्या झालेल्या रोग्यालाही लस द्यावी लागते. इथे लस आजारापेक्षा सरस शिक्षक ठरते. इन्फ्लुएंझाचा विषाणू दरसाल रूप पालटतो. मलेरियाचं संरक्षण अर्धंमुर्धं असतं आणि मलेरियाचा मुलूख सोडला की ओसरत जातं. डेंगीची गोष्ट तर उलटी आहे: त्याचे चार प्रकार, एकाची ओळख त्या प्रकारापुरती पक्की, पण दुसऱ्या प्रकाराशी गाठ पडली तर तीच अर्धवट ओळख विषाणूला पेशीत शिरायला मदत करू शकते आणि दुसरा डेंगी अधिक बळावतो. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून लाखो शाळकरी मुलांना डेंगीची लस दिल्यावर कळलं की, ज्यांना आधी डेंगी झालाच नव्हता त्यांच्या बाबतीत ती लस पहिल्या संसर्गासारखी वागते आणि पुढचा धोका वाढवते. लसीवर विश्वास ठेवा असं मी या पुस्तकात जागोजागी म्हटलं आहे. म्हणूनच ही हकिगत लपवून ठेवणं मला जमलं नसतं.

गोवराबद्दल अजून एक गोष्ट अलीकडे उलगडली. हा विषाणू स्मृतिपेशींमध्येच वाढतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या आणि २०१३ च्या साथीत गोवर झालेल्या ७७ मुलांचं आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा दिसलं की इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोवर निघून गेल्यावर पोर वर्षभर 'सावरत नाही', न्यूमोनिया आणि जुलाब त्याची पाठ सोडत नाहीत, हे आपल्या आयांना ठाऊकच होतं. त्याचं कारण आता कळलं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, शिवाय मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. करोनाच्या काळात चुकलेलं लसीकरण, एका खोलीत आठ-दहा माणसं आणि आधीच रोडावलेली मुलं. उपासमारीने थायमस आक्रसते. तिथे ताकदीचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर अंगणवाडीतल्या ताटात आहे, जाहिरातीत नाही. नऊ महिन्यांच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजतात तोही याचसाठी. मेळघाट असो, नंदुरबार असो की गोवंडी, गोवराने मेलेल्या मुलाला वाचवायला लागणारं ज्ञान आपल्यापाशी निदान पन्नास वर्षं आहे. ते त्याच्या मांडीपर्यंत किंवा दंडापर्यंत पोचलं नाही, याचा राग मला येतो, आणि तो या पुस्तकात कुठे कुठे उमटला असेल तर मी तो पुसलेला नाही.

शेवटचं प्रकरण क्षयावर आहे, कारण तिथे आपलं ज्ञान अजून थिटं आहे. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण जवळपास प्रत्येक भारतीय मुलाच्या अंगावर असतो. जन्मतः कातडीच्या आत थेंबभर लस देतात. काही आठवड्यांनी बारीक पुळी उठते, फुटते, खपली धरते आणि वाटोळी खूण राहते. ही लस १९२१ मधली. क्षयाचे जंतू भक्षक पेशींच्या पोटातच तळ ठोकतात. शरीर त्यांना गाठीत कोंडतं, पण हुसकून लावू शकेलच असं नाही. तान्ह्या मुलांच्या मेंदूच्या क्षयापासून बीसीजी वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर ती कितपत चालते, हे पाहायला तामिळनाडूतल्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. उत्तर नकारार्थी आलं. एका नव्या लसीची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली आहे.

प्रकरणं क्रमानेच वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे आणि लसीकरणाचं कार्ड हातात आहे, त्यांनी सहाव्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे प्रत्येक लस कोणत्या वयात आणि त्याच वयात का, हे दिलं आहे. पेशींची नावं अडली तर दुसऱ्या प्रकरणाकडे यावं. आशाताई आणि नर्सताई यांना आयांच्या प्रश्नांना देता येतील अशी छोटी उत्तरं सातव्या प्रकरणात एकत्र केली आहेत. ती मोठ्याने वाचून दाखवता यावीत अशा बेताने लिहिली आहेत.